पिलाजीरावांची खुर्ची

मोहनाबाई इंगळे मदत मागायला गेल्या आणि विश्वस्त होऊन परत आल्या. बडोद्यातल्या मराठी मंडळींना यात काही नवल वाटलं नाही, कारण यातली पहिली अर्धी गोष्ट कोणाला कधी कळलीच नाही.

त्यांचे यजमान समरजितराव म्हणजे बोलणारा माणूस. कोयलीच्या बाजूला एका खासगी कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते. कारखाना बंद पडला, पेन्शनचा प्रश्नच नव्हता, पण बोलणं काही बंद पडलं नाही. भाजीवाल्याशी गुजरातीत, बँकेत हिंदीत, घरी मराठीत, आणि ऐकायला कोणी नसलं तर स्वतःशी. समा भागातल्या आपल्या सोसायटीत खाली दूध आणायला उतरले, की मोहनाबाई चहाचं आधण उतरवून ठेवायच्या. आल्यावर पुन्हा चढवायच्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि या बडबडीला त्या रोज एकदा तरी वैतागत होत्या.

गेल्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात सकाळी दात घासताना समरजितरावांच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मोहनाबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पहिले सहा महिने फार मोलाचे आहेत. व्यायाम करवून घेणारा आणि बोलायला शिकवणारी, दोघंही रोज घरी आले पाहिजेत. नंतर कितीही केलंत तरी राहील ते राहील."

साठवलेलं सगळं दवाखान्यातच गेलं होतं. एकुलती मुलगी आभा नाशिकला. ती पंधरा दिवस राहून गेली, जमेल तेवढं पाठवत राहिली, पण तिच्याही घरी दोन आजारी माणसं अंथरुणाला खिळलेली. तरी मोहनाबाईंनी पहिला महिना निभावला. दोघंही रोज येत. बोलायला शिकवणारी मुलगी समोर आरसा धरून बसायची आणि महिन्याच्या शेवटी एके दिवशी समरजितराव आरशाकडे न बघता बायकोकडे बघून म्हणाले, "मोह." पुढचं अक्षर आलं नाही. पण तेवढ्यानं मोहनाबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या. अडतीस वर्षांत त्यांना आपलं नाव इतकं कधी आवडलं नव्हतं.

पुढच्या महिन्याला द्यायला मात्र घरात काही नव्हतं. तेव्हा त्यांना स्नेहवर्धक सहाय्य निधी आठवला.

हा निधी संस्थानच्या काळातल्या मराठी अधिकाऱ्यांनी काढलेला. दांडिया बाजारातल्या एका गल्लीत, जिना चढून दोन खोल्या. आजारपण असो, शिक्षण असो, अडलेल्याला निधी हात देतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता बैठक. अर्जदारानं स्वतः यायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि बोलावलं की आत जाऊन सांगायचं, असा रिवाज. आतल्या भिंतीवर संस्थापकांचे फोटो आहेत. त्यांतला दुसरा, पगडीवाला फोटो पिलाजीराव इंगळ्यांचा, समरजितरावांच्या आजोबांचा. त्यांनी काढलेल्या निधीपुढे त्यांच्याच नातवासाठी हात पसरायचा, म्हणून मोहनाबाई चार दिवस अडून राहिल्या. मग "मोह" आठवलं आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला. खाली समरजितरावांनी डाव्या हातानं सही केली. त्या सहीला पाऊण तास लागला आणि अर्धं पान लागलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मोहनाबाई अर्ज पर्समध्ये ठेवून बाकावर जाऊन बसल्या. आणि इथेच घात झाला.

निधीचे अध्यक्ष रमाकांतभाई. आडनावानं, जेवणानं, बोलण्यानं अस्सल मराठी. पण बडोद्यात मराठी माणसालाही भाई आणि बेन लागल्याशिवाय राहत नाही. त्यांना दोन गोष्टींचा भारी सोस, लोकांच्या वंशावळींचा आणि निधीच्या शताब्दीचा. शताब्दी पुढच्या वर्षावर आलेली. संस्थापकांच्या घरचं एक-एक माणूस पुन्हा मंडळावर घ्यायचं, असं त्यांच्या मनात होतं आणि तशी पत्रं त्यांनी धाडली होती. एक पत्र इंगळ्यांच्या घरीही आलं होतं. दवाखान्याच्या धावपळीत ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेलं, मोहनाबाईंनी ते पाहिलंही नाही.

रमाकांतभाई जिना चढून वर आले आणि बाकावर त्यांना पिलाजीरावांची नातसून दिसली.

"अहो वहिनी! तुम्ही इथे बाहेर काय बसलात? आत चला, आत! निरुपमाबेन, बघा तरी कोण आलंय!"

"नाही, मी जरा दुसऱ्या..." मोहनाबाई म्हणाल्या.

"ते सगळं आत. समरजितभाई केम छे? थोडे आजारी होते असं ऐकलं."

"हो. म्हणजे तेच..."

"होतील, होतील बरे. एवढा बोलका माणूस, त्याला काय होतंय!"

आत नेऊन त्यांनी मोहनाबाईंना टेबलाच्या पलीकडे, विश्वस्तांच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. वर बरोब्बर पिलाजीरावांचा फोटो. निरुपमाबेन कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला तिखट पण मनानं चांगल्या. त्यांनी कपाटातून बशा असलेले कप काढायला लावले. बाकीचे तिघे उभे राहून नमस्कार करत होते. "पत्राला उत्तर द्यायला स्वतः आलात, याला म्हणतात घराणं," असं कोणीतरी म्हणालं तेव्हा कुठे मोहनाबाईंना उमगलं.

"पण माझं वेगळं काम होतं," त्या पुन्हा म्हणाल्या.

"काम पळून जात नाही," निरुपमाबेन म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

चहा घेईपर्यंत पहिला अर्जदार आत आला. सत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि प्रश्न सुरू झाले. घरात कमावतं कोण? मुलगा बघत नाही का? का बघत नाही? घर स्वतःचं आहे ना? विचारणारे वाईट नव्हते, आवाजही मऊ होता, विचारावंच लागतं. गृहस्थ फरशीकडे बघून उत्तरं देत होते. मोहनाबाईंच्या लक्षात आलं, की आपली खुर्ची ती आहे. टेबलाला वळसा घालून तिथे जायला चार पावलं पुरली असती. ती चार पावलं त्यांच्यानं टाकवली नाहीत.

त्या बावळट होत्या असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ज्यानं कधी आयुष्यात पाच माणसांसमोर, घरच्या मोठ्या माणसाच्या फोटोखाली "आमच्याकडे काही उरलं नाही" असं म्हटलंय, त्यानं म्हणावं.

गृहस्थांचं काम झालं. रमाकांतभाईंनी विश्वस्तांची नोंदवही पुढे सरकवली आणि कौतुकानं एक पान उघडलं. "आणि हे कलम अकरा. विश्वस्तानं किंवा त्याच्या घरच्या कोणी निधीतून काही घ्यायचं नाही. पद सोडल्यावर दोन वर्षंसुद्धा नाही. कोणी घातलं माहितेय? तुमच्या आजेसासऱ्यांनी. शंभर वर्षांत एकदाही मोडलं नाही. खरं ना?"

"खरं," मोहनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

घरी समरजितराव दाराकडे तोंड करून बसलेले होते. त्यांनी डावा हात उचलून प्रश्न केला. मोहनाबाईंनी पर्स कपाटात ठेवली, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दिला अर्ज. बघू म्हणाले. अर्ज फार असतात हो त्यांच्याकडे."

समरजितरावांनी समजुतीनं मान हलवली.

त्यानंतर दोन बांगड्या गेल्या. व्यायाम करवून घेणाऱ्याला थांबवलं, बोलायला शिकवणारी मुलगी त्या पैशांवर आठवड्यातून दोनदा येत राहिली, संक्रांतीपर्यंत. उत्तरायणाला सगळी सोसायटी पतंग घेऊन गच्चीवर होती. दरवर्षी कोणाचा पतंग कापला, की "काप्यो छे!" अशी पहिली आरोळी समरजितरावांची असायची, गच्चीवरून खालच्या रस्त्यापर्यंत पोचणारी. या वर्षी ते खिडकीशी बसून वरचा गलका ऐकत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ उघडं ठेवलं, मग मिटलं. मोहनाबाईंनी ते पाहिलं आणि तिळगुळाचा डबा उगीचच पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या करून रमाकांतभाईंना फोन लावला.

"मी विचारत होते, समजा एखाद्या विश्वस्तालाच अडचण आली, तर काही मार्ग असतो का?"

रमाकांतभाई मोकळेपणानं हसले. "वहिनी, आपल्यात कोणाला येणार अशी वेळ? देवाची कृपा आहे. आणि आली, तरी कलम अकराला वांधा आणायचा म्हणजे पिलाजीरावांनाच खाली उतरवण्यासारखं. का हो, कोणी काही बोललं का?"

"नाही. सहज विचारलं."

हा माणूस दुष्ट असता तर किती सोपं होतं! एक शब्द खरा कळला असता, तर रमाकांतभाईंनी स्वतःच्या खिशातून केलं असतं आणि घरी जाऊन रात्रभर तळमळले असते. मोहनाबाईंना हे ठाऊक होतं आणि नेमकं म्हणूनच तो शब्द निघत नव्हता.

मुलगी यायची बंद झाली. डॉक्टरांनी दिलेला व्यायामाचा कागद भिंतीला चिकटवून मोहनाबाई स्वतः करवून घेऊ लागल्या. आरसा धरायच्या, "म... मो..." म्हणायच्या. पण शिकवायची पद्धत त्यांना माहीत नव्हती. त्या चिडायच्या, मग चिडल्याबद्दल रडायच्या. फेब्रुवारीत "मोह" गेलं. मधल्या काळात आलेले "हो", "नको" आणि "पाणी" तेवढे राहिले. मे महिना उजाडला तेव्हा सहा महिने सरले होते.

बैठकीला मात्र त्या एकदाही चुकल्या नाहीत. अर्जदारांना समोर बसवायचं नाही, शेजारी बसवायचं, हा बदल त्यांनी करून घेतला. वाकडे प्रश्न कोणी विचारले, की त्या मध्ये पडायच्या. निरुपमाबेन म्हणायच्या, "पिलाजीराव दिसतात हो तुमच्यात." दर पहिल्या शनिवारी त्या साडी बदलायला लागल्या, की समरजितराव ताठ बसायचे. आपल्या अर्जाचं विचारायला चालली, असं त्यांना वाटायचं. आणि दर वेळी परत येऊन त्या म्हणायच्या, "अजून नंबर नाही आला."

जूनच्या बैठकीत मृदुला नावाची बाई आली. चाळिशीची, कडेवर मूल. नवरा शुभंकर दुकानात कामाला, महिन्यापूर्वी त्याला तसाच झटका आलेला. हात, पाय, वाचा.

"औषधाला देऊ," एक विश्वस्त म्हणाले. "पण हे रोज घरी येऊन बोलायला शिकवणं म्हणजे... जरा थांबू. पुढच्या बैठकीत बघू."

"थांबायचं नाही," मोहनाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका चढला होता, की कडेवरचं मूल त्यांच्याकडे बघायला लागलं. "पहिले सहा महिनेच असतात. आत्ता रोज कोणी आलं, तर तो बोलेल. एक अक्षर येतं, मग दुसरं येतं. मध्ये सोडलं, की आलेलं अक्षरसुद्धा जातं. मग तुम्ही सगळा निधी त्याच्यापुढे ओतलात तरी परत येत नाही. आजच द्या. पुढच्या बैठकीत नाही, आज."

रमाकांतभाईंनी मंजूर असं लिहिलं, पुरे सहा महिने. मृदुला वाकून पाया पडायला आली, तेव्हा मोहनाबाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं आणि पटकन हात सोडला.

"तुम्हाला इतकं बारीकसारीक कसं माहीत?" निरुपमाबेननी जिना उतरताना विचारलं.

"आमच्या सोसायटीत एक आहेत," मोहनाबाई म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा सहा वाजले होते, ऊन अजून गॅलरीत होतं. समरजितरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीतरी झालंय हे त्यांना कळलं. मोहनाबाई चप्पल काढता काढता बोलून गेल्या, "आज एकाचं काम झालं. तुमच्यासारखंच होतं."

समरजितराव पुढे सरकले. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मानेची शीर ताठ झाली. आणि कित्येक महिन्यांत न आलेला एक नवा शब्द, वाकडा, ओला, पण पुरता, बाहेर पडला.

"आपलं?"

मोहनाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं. बाक, चहा, खुर्ची, कलम, सही. अर्ज पर्समधून कधी निघालाच नाही हेही. फोन केला होता तेही सांगितलं. सांगताना त्या त्यांच्या गुडघ्याकडे बघत होत्या. संपल्यावर वर पाहिलं, तर समरजितरावांचे डोळे वाहत होते आणि डाव्या हाताला ते पुसायचं भान नव्हतं. ते रागावले असते तर मोहनाबाईंना चाललं असतं. ते रागावले नव्हते. ते पुन्हा ओठ जुळवत होते.

"का?" ते म्हणाले.

मोहनाबाईंनी तोंड उघडलं. सहा महिने हा प्रश्न त्यांनी स्वतःला रोज विचारला होता, आणि घराण्याचा आब, लोकांची भीड, कोणी काय म्हटलं असतं, ही सगळी उत्तरं तयार होती. समोरच्या माणसाचं तोंड बघून त्यांतलं एकही त्यांना ओठांवर आणता आलं नाही. समरजितराव त्यांच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले. वाट पाहायची त्यांना आता सवय झाली होती.