नारळ सोड, नळ सांग

काकी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायची, पदराने चष्मा पुसायची आणि म्हणायची, "नारळ सोड, नळ सांग." म्हणजे भूमिपूजनाचं कौतुक पुरे, काम झालं का ते बोल.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीतून निघालेल्या प्रत्येक हंडा मोर्चात ती पुढे असायची. नंतर ती आमच्या नेत्याच्या, म्हणजे साहेबांच्या, कार्यालयात बसू लागली. मी तिथेच लिखापढी करायचो. घरातला पहिला बी.ए. आहे मी. सांगतोच, लपवायचं काय त्यात?

साहेबांच्या साठीला त्यांच्या जीवनपटाचा मोठा फलक करायचं ठरलं. कुठल्या घटना घ्यायच्या ते मी ठरवायचं. जुनी कात्रणं चाळून झकास यादी केली, तारीखवार. काकीने पेन्सिल काढली.

"ही पाइपलाइन तीनदा आली काय रे?"

"तीन भूमिपूजनं झाली ना, काकी."

"मेल्या, तीनदा नारळ फुटला. खोबरं खाल्लं आम्ही. पाणी आलं ते कुठाय?"

तिथेच वाट लागली. पाणी आलं तेव्हा साहेब निवडणूक हरून घरी बसले होते.

"घरी कुठला?" काकी भडकली. "पद नाही, गाडी नाही, तरी रोज पालिकेच्या कचेरीत जाऊन बसायचा. मागे आम्ही बाया, रिकामे हंडे घेऊन. ते दिवस गाळलेस तर आम्ही पण गळलो."

साहेबांच्या पीएने कपाळाला हात लावला. "साठीला पराभव लावतात का?"

"तू खाली बिल्डिंगीत राहतोस ना? मग तुला नाही कळायचं."

मी पाणी आल्याची तारीख विचारली. तिला तारीख ठाऊक नव्हती. "संकष्टी होती. त्याच पाण्याने उपास सोडला."

मी तिन्ही भूमिपूजनं यादीतून काढून टाकली आणि जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापून घेतलं: 'निवडणूक हरले. पुढच्या वर्षी एका संकष्टीला डोंगरावर पाणी आलं.'

कार्यक्रमाला अख्खा डोंगर लोटला होता. फलक वाचता वाचता साहेब त्या ओळीशी थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"बी.ए. झालाय तो," काकी मध्येच म्हणाली. "नळ आला म्हणून शाळेत वेळेवर पोचायला लागला."

साहेब ओळीकडेच बघत होते. "चुकलंय," ते म्हणाले. पीए माझ्याकडे बघून हसला. "काकी, साधी संकष्टी नव्हती ती. अंगारकी होती. मंगळवार होता."

काकी टाळी वाजवत ओरडली, "बघा गं बायांनो! ह्याला वार पण ठाऊक!"

हॉल दणाणला. बायांनी अशा टाळ्या पिटल्या की माइकवरच्या माणसाने भाषण गुंडाळलं. काकीने पेन्सिल काढली, 'संकष्टी' खोडलं आणि वर लिहिलं, 'अंगारकी'.

काकी आता नाही. फलक कार्यालयात आहे. नवीन आलेलं कोणीतरी दर वर्षी म्हणतं, खाडाखोड वाईट दिसते, नवा छापून घेऊ.

मी म्हणतो, हात लावू नको. छापलेलं मी लिहिलंय, खोडलेलं तिने. आणि डोंगरावरच्या बाया येतात त्या तेवढंच वाचायला येतात.