चौथ्या कोपऱ्याचे एकेचाळीस टाके

आयुष्यभर उजव्या हाताने शिवत आलेल्या बाईने दोन मिनिटे अकरा सेकंदांत डाव्या हाताचे एकेचाळीस टाके कसे घातले? आणि ते तिने घातले नसतील, तर कोणी घातले? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखनाला सापडलेले नाही. पुढे जे येते ते प्रश्नाच्या अलीकडचे आहे: एका बाईचे आयुष्य, तिच्या आईची गोधडी, आणि पुण्यातल्या एका सुगंधित दुकानातली चार हात लांबीरुंदीची खोली.

धम्मशीलाचे शिवणकामाचे दुकान मेहकरला, बसस्थानकाकडून बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यावर आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. तिचे माहेर लोणार रस्त्यावरच्या एका खेड्यात. वडील दयाराम प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आणि भुताखेताचे नाव घरात काढले की ताटावरून उठत. आई सिंधूताई डावरी. तिच्या हातात कात्री कधी नीट चालली नाही. पाती कापड कापण्याऐवजी चावत, म्हणून ती जुने लुगडे दातांनी धरून हातांनीच फाडी. फाडण्याचा तो सरळ, लांब आवाज धम्मशीलाच्या बालपणात दुपारच्या आवाजांपैकी एक होता.

गावात गोधडी सगळ्याच बाया शिवत. त्यांच्या टाक्यांच्या ओळी कडेने एका दिशेने फिरत मधोमध येत. सिंधूताईच्या ओळी उलट्या दिशेने फिरत. दोऱ्याला ती गाठ मारीत नसे. सुरुवातीला एकावर एक असे दोन टाके, की झाले. दोराही विकतचा नसे. जुन्या साडीच्या काठातून ती तो ओढून काढी. गावातल्या कोणत्याही घरात, कोणाच्याही अंगावर असली, तरी तिची गोधडी लांबून ओळखू येई.

आणखी एक गोष्ट ती करी. गोधडीचे तीन कोपरे मिटवून झाले की चौथ्या कोपऱ्यात ज्वारीचे पाच दाणे टाकायचे आणि मगच तो शिवून घ्यायचा. सिंधूताईच्या आईनेही हेच केले होते. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची ऊब खाते, एवढेच त्यामागचे कारण सांगितले जाई. दयाराम गुरुजींना हे पटत नसे, पण बायकोचा हात थांबवणे त्यांना जमले नाही. ते हसून म्हणत, पाचच टाक, म्हणजे पंचशील होते आणि आपलीही अब्रू राहते. मग तीही हसे, आणि दाणे टाकी.

२०२२ च्या जानेवारीत सिंधूताई गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या अंगावरचे काम एकच होते, छकुलीसाठीची गोधडी. छकुली म्हणजे धम्मशीलाची एकुलती मुलगी. त्या गोधडीत गुरुजींचे पांढरे धोतर होते, धम्मशीलाचा शाळेतला फ्रॉक होता, आणि मधोमध सिंधूताईची निळी साडी, जी ती वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला नेसे. तीन कोपरे झाले होते. बोलणे जवळजवळ बंद झाले होते तेव्हा तिने लेकीचे मनगट धरून सांगितले, “चौथा कोपरा राह्यला, माय. तू भरजो.”

धम्मशीला हो म्हणाली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि माहेरच्या घरातले जुने कपडे तिने काढायला घेतले. खाटेखाली गाठोडी चार होती. तीन तिने सोडून पाहिली. चौथ्याची गाठ आईची होती, डावीकडून आवळलेली. ती सोडायला तिचे बोट गेले आणि थांबले. आईच्या हातची ही शेवटची गाठ आहे, ती आपण मोडू नये, असे तिला वाटले. आत चिंध्याच असणार, हेही ती धरून चालली. दाराशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण बसली होती. धम्मशीलाने ते गाठोडे न सोडताच तिच्या पुढ्यात ठेवले आणि झाकणाचा एक स्टीलचा डबा घेतला.

अर्धवट गोधडी आई नेहमी जुन्या लुगड्यात बांधून खाटेखाली सरकवते, हे तिला नवव्या दिवशी आठवले. भाकरी थापताना आठवले. बोहारणीबद्दल तिने मेहकर, लोणार, हिवरा आश्रमाचा बाजार असे सगळीकडे विचारले. बाई जालन्याकडची होती. माल पुढे व्यापाऱ्याने नेला होता. डबा धम्मशीलाने कधी वापरला नाही. मात्र सुया ठेवायच्या पत्र्याच्या डबीत तिने ज्वारीचे पाच दाणे घातले आणि ती डबी पिशवीत ठेवू लागली. नवऱ्याने विचारले तेव्हा तिने सांगितले की असू द्या, काही खात नाहीत ते. त्या उन्हाळ्यात, मेहकरच्या उन्हाळ्यात, तिला अंगावर दोन चादरी घेऊनही झोपेत थंडी वाजे. डॉक्टरने अशक्तपणा सांगितला. ती गुरुजींची मुलगी होती; दुसरे काही ती बोलली नाही.

छकुली तोवर पुण्याला फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोव्हेंबरात तिला एक काम मिळाले: शहरातल्या नावाजलेल्या आठ दुकानांत जायचे आणि तिथे कपडा कसा मांडला जातो ते टिपायचे. तिने आईला चार दिवस बोलावून घेतले. शिवणारे डोळे सोबत असले तर बरे, हे एक कारण. आईचा चेहरा उतरत चालला होता, हे दुसरे.

झाडांच्या दाट सावलीतल्या एका गल्लीत ती दुकाने होती. बाहेर पाटी जवळजवळ नसे. आत गेले की पहिल्यांदा लागे तो वास, ओल्या मातीसारखा, पण बाटलीतला. लांबच लांब दांडीवर पाच-सहा कपडे, एकमेकांपासून हातभर अंतरावर, जसे भांडण झालेले पाहुणे. मधोमध मडकी, पितळी तांबे, जाडजूड पुस्तके, कॉफीचे यंत्र, सगळेच विकायला. आणि पुतळे. कोणत्याच पुतळ्याला डोके नव्हते.

“मुंडकी काऊन काढली व यायची?” धम्मशीलाने विचारले.

“मम्मी, हळू. गिऱ्हाइकाला तिथं स्वतःचं डोकं दिसलं पाहिजे म्हणून.”

“मंग गिऱ्हाईक आलं नाही तं?”

छकुलीला हसू आले आणि तिने ते वहीत लिहूनही घेतले. पहिल्या दोन दुकानांत धम्मशीला रमली. ती प्रत्येक कपडा उलटा करून आतली शिवण पाहत होती, आणि लेकीला सांगत होती की इथे शिवणीबाहेर कापडाची माया कमी सोडली आहे, इथे काखेत ओढ येणार. छकुली आधी अवघडली. मग भराभर लिहू लागली.

तिसऱ्या दुकानात खिडकीपाशी एक बिनबाह्यांचे जाकीट टांगले होते. धम्मशीलाने सवयीने त्याचा काठ उलटला, आणि तिचा हात तसाच राहिला. गुरुजींचे पांढरे धोतर होते. त्यावर ओळी उलट्या दिशेने वळत गेल्या होत्या, आणि मध्येच कात्रीने सरळ तोडल्या होत्या. एका ओळीच्या सुरुवातीला, एकावर एक, दोन टाके.

टाक्यांवरून बोट फिरवून तिने काठ पुन्हा सरळ केला. चौथ्या दुकानात एक पिशवी निघाली, तिच्यावर शाळेच्या फ्रॉकच्या बाहीचा तुकडा. पाचव्यात काही नव्हते, तरी तिथला प्रत्येक काठ तिने दोनदा उलटून पाहिला. तोवर छकुलीच्याही लक्षात आले होते. हे आजीचे का, एवढेच तिने विचारले. धम्मशीलाने मान हलवली आणि सांगितले की अजून कोपरा दिसला नाही.

सहावे दुकान सगळ्यात शांत होते. पांढऱ्या भिंती, आणि एकाच पुतळ्यावर घातलेला एकच लांब कोट. पाठीवर निळी साडी होती. खाली उजव्या बाजूला कडेचा एक कोपरा लोंबत होता: उघडा, तिन्ही थर बाहेर आलेले, धागे सुटलेले.

दुकानातली मुलगी आपुलकीने माहिती देऊ लागली. हा कोट एकमेव आहे. त्याचे नाव ‘अपूर्ण’. मध्य भारतातल्या एका अनाम कारागिराची जुनी गोधडी त्यासाठी वापरली आहे. तो कोपरा मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण सगळी संकल्पना त्या उघड्या कोपऱ्यावर उभी आहे. मात्र कोट आता दाखवण्यापुरताच आहे. ज्यांनी तो घेतला त्या बाई पाच वाजता नेणार आहेत, आणि रात्रीच्या विमानाने परदेशी जाणार आहेत.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

छकुली आईकडे पाहत राहिली. आई आता या मुलीला सगळे सांगेल, कदाचित रडेल, असे तिला वाटले. धम्मशीलाने फक्त विचारले की घालून पाहता येईल का. मुलगी घोटाळली. धम्मशीलाची साडी, पायातल्या चपला, हातातली पिशवी, सगळे तिच्या नजरेतून गेले. मग काय मनात आले कोण जाणे, तिने कोट उतरवून दिला.

कपडे घालून पाहायची खोली आत होती. जाड पडदा, बसायला एक स्टूल, समोर भिंतभर आरसा. दुकानातला कॅमेरा त्या पडद्याकडे तोंड करून होता. धम्मशीला आत गेली ती वेळ आणि बाहेर आली ती वेळ त्यात नोंदलेली आहे. मधले अंतर दोन मिनिटे अकरा सेकंद.

आत काय झाले ते तिने छकुलीला एकदाच सांगितले. ती स्टुलावर बसली, कोट मांडीवर घेतला, डबी उघडली, पाचही दाणे कोपऱ्यात सारले. डबीत पांढऱ्या दोऱ्याचे रीळ होते. त्याचा दोरा सुईत जाईना. तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. नेढे समोर दिसत होते, आणि वेळ नव्हता. दोरा जिभेला लावायला तिने मान वर केली, तेव्हा आरशातल्या बाईची सुई ओवलेली होती.

ती बाई खाली मान घालून शिवत होती. घाई नव्हती. आरशात उजवा हात डावा दिसतो, हे धम्मशीलाला ठाऊक होते. इतकी वर्षे गिऱ्हाइकांना आरशापुढे उभे करूनच तिने मापे पाहिली होती. म्हणून ती आधी घाबरली नाही. तिला नुसते पाहत राहावेसे वाटले. सुई आत जाताना अंगठा किंचित मुडपायचा, दर चार टाक्यांनी कापड हाताने सपाट करायचे, हे सगळे तिने लहानपणी जमिनीवर पालथे पडून पाहिले होते. मग आपल्या उजव्या हाताकडे तिचे लक्ष गेले. तो गुडघ्यावर होता. रिकामा.

बाहेरून हाक आली, “मम्मी, झालं का?”

धम्मशीलाने खाली पाहिले. कोपरा बंद होता. सुई डबीत तिच्या जागी होती, तिच्यात दोरा नव्हता.

ती बाहेर आली आणि कोट परत देताना छकुलीला म्हणाली, “फोटो काढ याचा. मले दाखवू नको.” छकुलीने काढला. तो आजही तिच्या फोनमध्ये आहे. एकेचाळीस टाके, सुरुवातीला एकावर एक दोन, तिरपेपणा डाव्या हाताचा. दोरा निळा आहे. असला कोपरा तीन थरांतून शिवायला सराईत हाताला पाव तास लागतो, असे मेहकरच्या दोन जुन्या शिंप्यांनी फोटो पाहून स्वतंत्रपणे सांगितले.

पाचला पाच कमी असताना एक उंच बाई आल्या, कोट खांद्यावर घातला आणि तशाच बाहेर पडल्या. कोपरा त्यांच्या पायांशी हलत होता, दाण्यांच्या भाराने थोडा खाली ओढल्यासारखा. धम्मशीला फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली, आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

“थांबवायचं होतं ना त्यांना,” छकुली म्हणाली. “तुझीच होती ती गोधडी. माझी होती.”

“कायले? जेवली ना आता ते. जाऊ दे तिले.”

दोन दिवसांनी दुकानातल्या त्या मुलीचा छकुलीला फोन आला. कोपरा कोणी बंद केला, अशी विचारणा परदेशातून झाली होती. छकुलीने माहीत नसल्याचे सांगितले. कॅमेऱ्यातली वेळ त्याच बोलण्यात कळली. मुलीने रागावून नव्हे, जरा हळू आवाजात विचारले की तुमच्या आई आत एकट्याच होत्या ना.

धम्मशीला मेहकरला परतली. त्या रात्रीपासून तिला एक चादर पुरू लागली. स्टीलचा डबा तिने ज्वारीच्या पिठासाठी काढला. दुकान पूर्वीसारखे चालू आहे.

जून २०२४ मध्ये तिने दुकानासाठी नवी कात्री मागवली. ती डाव्या हाताची आहे.