माझ्या शब्दावर दिलेली मुलगी

फैजपूरपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात मी सहा वर्षं मास्तरकी केली. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि देश आपल्या एकट्याच्या खांद्यावर उभा आहे अशी माझी समजूत होती. त्या वयात माणसानं कमी बोलावं. मी फार बोलत असे.

शाळा सातवीपर्यंत, मास्तर दोन. त्यातले हेडमास्तर दम्यानं बेजार, त्यामुळे घंटा वाजवण्यापासून सगळं माझ्याकडे. एक दिवस वरून परिपत्रक आलं, की मुलांच्या शारीरिक शिक्षणाकडे लक्ष द्यावं, त्यांना हालतं-चालतं ठेवावं. आता आमच्याकडे खेळाचं सामान म्हणजे एक रबरी चेंडू, तोही कुत्र्यानं चावलेला. मैदान नाहीच. चहूकडे केळीची बागायत, आणि केळीवाला वीतभर जमीन पोरांना हुंदडायला सोडेल तर शपथ. मुलं दुपारनंतर पेंगायची आणि शाळा सुटली की पारावर जाऊन बसायची. परिपत्रक लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले आणि मग मला एक युक्ती सुचली.

वर्गात हिंदुस्थानचा एक जुना नकाशा टांगलेला होता. मी पोरांना म्हटलं, आपण इथून पळत पळत दिल्लीला जायचं. गाव न सोडता.

शाळेपासून मारुतीच्या देवळाला वळसा घालून पाटाच्या कडेनं परत, अशी एक फेरी ठरवली. ती मोजायला एका पोराच्या बापाची बैलगाडी आणली, चाकाला लाल चिंधी बांधली आणि चिंधी किती वेळा वर आली ते सगळ्या शाळेनं ओरडून मोजलं. फेरी अर्ध्या मैलाला जरा कमी भरली. मी अर्धा मैल धरली, दिल्लीवाले काही तपासायला येणार नव्हते. शाळा सुटल्यावर ज्याला जितक्या जमतील तितक्या फेऱ्या मारायच्या, सगळ्यांच्या मैलांची बेरीज करायची आणि नकाशावर भुसावळपासून वर जाणाऱ्या रेल्वेच्या रेघेवर तेवढं पुढं सरकायचं.

पहिल्या दिवशी अकरा पोरं पळाली. मीही पळालो, धोतराचा काचा मारून. पारावरून आवाज आला, "गुरजी, कोन मागं लागलं वो?" पण बऱ्हाणपूर मागं पडलं तशी पोरं वाढली. खांडव्याला पोचेपर्यंत अख्खी शाळा पळत होती. एका पोरानं घरी जाऊन सांगितलं, की आज आम्ही खांडव्याला गेलो, तर त्याची आई दुसऱ्या दिवशी कमरेवर हात देऊन शाळेत हजर. न विचारता माझं पोरगं परगावी नेलंच कसं, म्हणून तिनं माझी हजामत केली. तिला नकाशा दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मंग याला उद्या दोन भाकरी जास्तीच्या बांधते."

सातवीत एकच मुलगी होती. पळण्याचा प्रश्नच नव्हता, मुली पळत नसत. तिच्याकडे हिशेब होता. फेरी पूर्ण झाली की पळणाऱ्यानं तिच्या ओट्यात एक चिंचोका टाकायचा, आणि शेवटी ती चिंचोके मोजून मैल सांगायची. तेरा-चौदा वर्षांची, उंच, काटक, बोलायला कमी. कधीतरी भुसावळला एका लग्नात तिनं छत्री घेऊन एकटी चाललेली मास्तरीण पाहिली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं: सातवीची फायनल पास व्हायची, ट्रेनिंगला जायचं आणि मास्तरीण व्हायचं. त्या काळी फायनल पास झालेल्याला हे शक्य होतं. तिचे वडील, ज्यांना गाव नाना म्हणे, भले गृहस्थ होते. त्यांनी मला शब्द दिला होता, "फायनल होऊ द्या तिची. मंग पाहू."

एका संध्याकाळी इटारसीला चार मैल कमी पडले. पोरं धापा टाकत बसली होती. ती ओट्यातले चिंचोके पुन्हा मोजून आली आणि म्हणाली, "गुरजी, मी पयू का?"

मी हो म्हटलं. परकराचा काचा मारला आणि ती सुटली. अनवाणी, पाटाच्या चिखलातून, आठ फेऱ्या. एकदाही थांबली नाही. परत आली तेव्हा तिचा श्वास साधा चालत होता. मी त्या दिवशी फार खूश होतो, हे मला कबूल केलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पळू लागली आणि चिंचोके मोजायला एक धाकटा पोरगा बसवला. गावात कुजबुज झाली. नानांनी कानाआड केली.

माघ महिन्यात एका सकाळी नाना शाळेत आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या मेहुणीनं मुलीसाठी स्थळ आणलं होतं, धुळ्याकडचं, शिंदखेड्याच्या बाजूला. घर चांगलं, मुलगा एकुलता. पाहुणे परवा येणार होते. फायनलला दोन महिने उरले होते.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "नाही कसं म्हनू? सालीनं शब्द टाकला हाये. घरी आलेल्या पाहुन्यायले मी तोंडानं नाही म्हटलं तर नातं तुटते. त्यायनंच नाही म्हटलं पाह्यजे."

मग त्यांनी बेत सांगितला. आमच्याकडे मुलगी पाहायला येत तेव्हा गावातल्या गुरुजींना बोलावण्याची रीत होती. गुरुजी मुलीबद्दल दोन चांगले शब्द बोलत आणि ते प्रमाण मानत. "तुमी बसा आन् सांगा, का पोरगी पोरायसंगं पयते, काचा मारून. कोसभर पयते म्हना. ऐकलं का आपसूक उठतीन ते."

मला बेत फारच आवडला. खोटं बोलायचं नाही, नकार द्यायचा नाही, कुणाचा अपमान नाही आणि मुलगी फायनलला बसणार. आम्ही दोघं पाण्याच्या मुलखातली माणसं. मोट चालते, पाट वाहतो, बाया दारातल्या विहिरीवर पाणी शेंदतात. बाईमाणसाला पळता येणं याचा कुणाला काही उपयोग असू शकेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

पाहुणे आले. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, उन्हानं रापलेले, हातावरच्या शिरा दोरासारख्या. भरीत-भाकरी झाली. मुलगी पाण्याचे गडवे घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. मला इशारा झाला आणि मी सुरू केलं.

आधी अभ्यास सांगितला. मग म्हटलं, "एक गोष्ट मात्र लपवणार नाही, आबा. मुलगी पळते. पोरांच्या बरोबर, रस्त्यावर."

आबांची मान वर झाली. मला वाटलं, लागला बाण.

"किती पयस?"

"चार मैल. एका दमात."

"डोकावर भार लिसन पयस का?"

काय विचारताहेत ते मला कळायला हवं होतं. मी तेव्हा रंगात आलो होतो. म्हटलं, भार असला तरी पळेल. चिखलातून पळते, चढ चढते, पोरं बसतात तेव्हा हिची सुरुवात होते. आजवर हिला धाप लागलेली मी पाहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोलता बोलता माझी नजर दाराकडे गेली. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. घरच्या पाहुण्यांपुढं गुरुजी आपलं इतकं कौतुक करतील, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नानांनी तिला बेत सांगितलेला नव्हता. मीही नाही.

आबांनी गडवा खाली ठेवला. "आमना गावले पानी नही," ते म्हणाले. "उन्हायामा दोन मैल जानं पडस. मन्ही बायको थकी गयी. अशीच पोर पाहिजे व्हती आमले." मग नानांकडे वळून म्हणाले, "बठ्ठं पसंत शे. लगीन फागुनमाच करू. पुढे उन्हाया लागस."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं. मेहुणीनं साखर आणली, ती सगळ्यांच्या हातावर पडली, माझ्याही. मी ती खाल्ली.

नंतर मी जे जमलं ते केलं, म्हणजे काहीच नाही. नानांना म्हटलं, परीक्षेपर्यंत थांबवा. त्यांनी निरोप धाडला. उत्तर आलं, की पाणी परीक्षेसाठी थांबत नाही. मुलगी लहान आहे, कायदा आहे, असंही मी एकदा म्हणालो. नाना म्हणाले, "गुरजी, आता तुमी काहीच बोलू नका." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत शाळेत आली. तिचं पळणं बंद झालं होतं, पण अभ्यास करायची. कशासाठी, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. हळद लागायच्या दिवशी पोरं माझ्याभोवती जमली. दिल्ली साठ-सत्तर मैल राहिली होती. आपण आज तिच्या वाट्याच्याही फेऱ्या मारू आणि पोचू, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्यावर असा खेकसलो की लहानगी रडायला लागली. नंतर पळणं पुन्हा सुरू झालं नाही. त्या पोरांचा काय दोष होता, हे मी आजही स्वतःला विचारतो.

तीन-चार वर्षांनी निवडणुकीच्या कामावर मला शिंदखेड्याकडच्या एका गावी धाडलं. नाव वाचलं, तर ते आबांचंच गाव. नको म्हणायची सोय नव्हती. आदल्या दिवशी दुपारी पोचलो. प्यायला पाणी मागितलं तर शिपाई म्हणाला, बाया आणायला गेल्यात, येतीलच. मला बसवेना. मी त्याच वाटेनं चालू लागलो.

बुराई नदीचं पात्र कोरडं ठणठणीत होतं. वाळूत खड्डा करून झिरा काढलेला, त्यात वाटी-वाटीनं पाणी जमत होतं आणि बाया रांगेनं बसल्या होत्या. ती रांगेत शेवटी होती. तिनंच मला ओळखलं. मी तिला ओळखलं नसतं. केस कपाळावर विरळ झालेले, गालफडं वर आलेली, काखेत वर्षाचं मूल. वय अठराच्या आसपास असेल.

"गुरजी! तुमी आठे?"

बोली बदलली होती. उठून तिनं पदर सारखा केला, वाकून नमस्कार केला आणि शेजारणींना सांगू लागली, हे माझे गुरुजी, यांनीच माझं आबांना सांगितलं होतं. बायांनी ओळख पटल्यासारख्या माना हलवल्या. "आबा अजून सांगतस सगळ्यायले," ती म्हणाली, "का गुरजीच्या शब्दावर पोर आनली, शब्द खरा निघना. गुरजी, माझ्याबद्दल इतलं चांगलं कोनी बोललं नाही कधी. माय-बापानंबी नाही. कठीन वाटलं का मी तेच आठवते."

माझ्या जिभेवर आलं होतं. तुझं लग्न मोडावं म्हणून मी ते बोललो होतो, तुझा बाप आणि मी मिळून. सांगितलं असतं तर माझ्या छातीवरचा भार उतरला असता आणि तिच्याजवळ काय उरलं असतं? मी म्हटलं, "खरंच होतं ते." आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होताही.

तिचा नंबर यायला वेळ होता. मूल काखेत झोपलं होतं. जरा वेळानं तिनं हळूच विचारलं, "गुरजी, त्या साली फायनलले भूगोलात काय आलं व्हतं?"

पेपर मला पाठ होता. तिच्यासाठी म्हणून मी तो तेव्हा मागवून घेतला होता आणि मग देण्याचं धाडस झालं नव्हतं. म्हटलं, "तापीच्या उपनद्या सांगा, असा एक प्रश्न होता."

ती ताठ उभी राहिली, वर्गात राहायची तशी. बोटांवर मोजत म्हणू लागली, "पूर्णा. सुकी. वाघूर. गिरणा. अनेर. बोरी. पांझरा..." जरा अडली. मग पायाखालच्या वाळूकडे बघून म्हणाली, "बुराई." रांगेतल्या बाया तिच्याकडे पाहत राहिल्या होत्या.

"बरोबर शे ना, गुरजी?"

"बरोबर."

"बठ्ठ्या?"

"सगळ्या."

"मंग मी पास झाली असती," ती म्हणाली, आणि तिचा नंबर आला म्हणून खड्ड्यापाशी जाऊन बसली.