मिरच्यांच्या वाफ्यातला राजा

आमच्या पेडण्याच्या घरात देवघराच्या खालोखाल सोवळं पाळलं जातं ते माझ्या सिनेमाच्या तबकड्यांच्या कपाटाचं. ब्लू-रेच्या तबकड्या त्या. चित्र इतकं स्वच्छ की नायिकेच्या नाकावरचा घामसुद्धा दिसावा. त्यांना ओला हात लावायचा नाही, धरायचं ते कडेने. एखाद्या पाहुण्याने तबकडीच्या पोटावर बोट ठेवलं की माझं त्याच्याशी बोलणं तुटक होतं. बायको म्हणते, लग्नात माझा हातसुद्धा तुम्ही इतका जपून धरला नव्हता.

मुलगी पुण्याला असते. तिच्या मते मी स्वतःच एक पुराणवस्तू आहे. "बाबा, सगळं ऑनलाइन मिळतं. घरात दुकान कशाला मांडलंय?" मी तिला ऐकवतो की ऑनलाइन म्हणजे भाड्याचं बिऱ्हाड, मालकाच्या मनात येईल तेव्हा आपण रस्त्यावर. मी रीतसर विकत घेतलेला एक सिनेमा एका सकाळी तिथून नाहीसा झाला, निरोप नाही की रामराम नाही. शिवाय आमच्याकडे वारा जरा जोरात सुटला की नेट जातं आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहतं. घरी सिनेमा बघण्याचं पुढे काय होणार, यावर मी म्हापशाच्या बसमध्ये अनोळखी माणसांनाही भाषणं दिली आहेत. माझं म्हणणं एकच: हातात आहे ते आपलं.

या म्हणण्याचं पुढे माझ्याच घरात काय झालं ते सांगतो.

माझे सासरे मयेचे. त्यांच्या गावच्या जत्रेला गावातलीच माणसं नाटक करतात, आणि नाटकात राजा असला की तो सासऱ्यांनी करायचा हे ठरलेलं. नाटक दरवर्षी नवं, राजा तोच. शेवटी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी आपला शेवटचा राजा केला. त्या प्रयोगाचं चित्रण झालं होतं आणि मी हट्टाने ते उत्तम तबकडीवर उतरवून घेतलं. चित्रण करणाऱ्याच्या संगणकाने पुढे मान टाकली. म्हणजे राजा उरला तो फक्त माझ्याकडे. सासऱ्यांनी मात्र ते कधी बघितलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. "धुक्यात राजा कसलो बघतलंय?" म्हणायचे.

यंदा त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि ते विश्रांतीला आमच्याकडे आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी आधी आमच्या भिंतीवरचे डाग मोजून दाखवले, मग जावयाचे पिकलेले केस. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "जांवयबापू, जल्मभर राजा केलंय. लोकांनी बघलो, मी नाय. आता डोळे आसत तर एकदा दाखवा मरे." हसतच म्हणाले, पण माझ्या गुडघ्यावरचा हात काही त्यांनी काढला नाही.

मी ऐटीत डबी उघडली. आत तबकडी नव्हती.

हाक मारली तशी बायको नारळ खवता खवता बाहेर आली. रिकामी डबी बघून तिचा चेहरा उतरला. "ती बिनचित्राची? ती... बाबांनीच न्हेल्यानी."

झालं होतं ते असं. सासऱ्यांच्या मिरच्यांत मोर शिरत होते. चकाकणाऱ्या तबकड्या टांगल्या की मोर भितात असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लेकीकडे जुन्या तबकड्या मागितल्या. लेक नवऱ्याचा स्वभाव जाणून. रंगीत चित्र छापलेल्या तबकड्यांना तिने हात लावला नाही. ज्यांच्यावर काहीच छापलेलं नव्हतं त्या तेवढ्या रद्दी समजून दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि सासऱ्यांनी धुकटलेल्या डोळ्यांनी, स्वतःच्या हाताने, राजाला सुंभाने बांधून वाफ्यात लटकवलं होतं.

"म्हणजे रोज मिरच्येंक पाणी घालताना मी माकाच बघी होतंय?" म्हणत ते खोकला लागेपर्यंत हसले. मग खिडकीतून बाहेर बघत बसले. मला संताप आला होता, पण बायको पदराने डोळे पुसत होती आणि सासरे असे बसलेले. ओरडायचं कुणावर?

तसेच तिघं गाडीत बसून मयेला गेलो. मिरच्यांच्या वाफ्यात काठ्यांवर तबकड्या गिरक्या घेत होत्या आणि त्यातल्या एकीसमोर एक मोर मान तिरकी करून उभा होता. "भियेतत खंय!" सासरे म्हणाले. "रूप बघूक येतत." निळसर झाक असलेली तबकडी मी ओळखली. तिच्यावर पाखराची शीट होती आणि चरेही पडले होते. घरी आणून कोमट पाण्याने मी तिला तान्ह्या पोरासारखं न्हाऊ घातलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तबकडी लावली. क्षणभर काळोख, आणि मग राजा आला. जरीचा शेला, चिकटवलेली मिशी. बायकोने सुस्कारा सोडला. सासरे पुढे झुकले. "चलता बरो," म्हणाले. थोड्या वेळाने, "हात इतके कित्याक हालयता?" मी त्यांच्याकडेच बघत होतो, पडद्याकडे नाही. इतका आनंद मला कुठल्याच सिनेमाने दिला नव्हता.

मग मोठा प्रवेश आला. राज्य गेलेलं, दरबारी हसताहेत, राजा उठतो, हात उगारतो, तोंड उघडतो... आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन सगळं थांबलं. राजाचं तोंड उघडं ते उघडंच. मी बटणं दाबली. काही उपयोग नाही. माझं काळीज तुटलं. बायकोने मान खाली घातली.

सासरे थोडा वेळ वाट बघत राहिले. जत्रेच्या नाटकात विंगेत कायम प्रॉम्प्टर बसलेला असतो.

"विसारलो," ते पडद्यातल्या राजाकडे बघून म्हणाले. "सांगूक व्हया."

काठी सोफ्याला टेकवून ते उभे राहिले. हात उगारला. मयेच्या मांडवात शेवटच्या माणसाला ऐकू जाई त्या आवाजात म्हणाले, "सिंहासनावरून उतरलो म्हणून मी राजा उरलो नाही, असं कोण म्हणतो? त्याने पुढे यावं!"

शेजारचा कुत्रा भुंकला. तेवढ्यात प्लेअरने खराब भाग ओलांडून उडी घेतली असावी, कारण पडद्यावरून एकदम टाळ्या आल्या, अख्ख्या गावाच्या. सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

"बाबा, बसा आता," बायको रडत रडत म्हणाली.

"थांब गो," ते म्हणाले. "टाळ्यो तरी सोंपूं देत."