गोंगाटातले मामा

"व्हय, व्हय, कळलं!"

उजवा तळवा कानामागं धरून, मान डोलावत मामा हे इतक्या मोठ्यानं म्हणायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. आणि त्यांना काहीही कळलेलं नसायचं. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असेल. ऐकू येत नाही हे सांगायची लाज वाटते, म्हणून सगळ्याला हो म्हणणारा.

मिरजेत बेघरांसाठीचं निवारा केंद्र आहे, तिथं मी काम करते. रस्त्यावर राहणाऱ्यांना केंद्रात आणायचं आणि पालिकेच्या योजनांतून जमेल ते काम मिळवून द्यायचं, ही माझी नोकरी. मामा आम्हाला एका मोठ्या दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर भेटले. तरुणपणी ते माधवनगरच्या गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा यंत्रमागावर गेले. त्या खडखडाटात कान गेले, पुढं बायको गेली, आणि शेवटी भाड्याची खोलीही गेली.

केंद्रात आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी मला बजावलं, "बाई, नुसतं जेवाय घालू नगा. काम बघा मला."

मी त्यांना पालिकेत घेऊन गेले. साहेबांनी विचारलं, "शिक्षण किती?"

"माधवनगर," मामा म्हणाले.

"काय काम जमेल?"

"बरा हाय की. गुडघा तेवढा दुखतोय."

साहेब हसले, शिपाई हसला. मामाही त्यांच्या बरोबरीनं हसले. जिना उतरताना मात्र मध्येच थांबले. "बाई, का हसली वं ती?"

मी नुसता हात हलवला.

बागेच्या रखवालीला बहिरा माणूस नको होता. वाहनतळावर तर नकोच नको. मामा रोज विचारायचे, आज काय झालं? त्यांना घाई होती ती लेकीसाठी. एकुलती एक लेक विट्याकडच्या एका खेड्यात दिलेली. खोली गेल्यापासून ते तिच्याकडं फिरकले नव्हते.

"फुटपाथवरनं उठून लेकीच्या दारात कसा जाऊ? सासरी तिची मान खाली जाईल. काम लागलं की साडी घिऊन जाणार. ताठ जाणार."

शेवटी काम मिळालं ते पालिकेच्या खत प्रकल्पात. बागांमधल्या फांद्या बारीक करायचं यंत्र तिथं दिवसभर चालतं. त्या आवाजाला कंटाळून माणसं सोडून जायची. पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि मी दोन्ही कान दाबले. मामांचा चेहरा मात्र खुलला. तिथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. ते ओठ आणि बोटं हलवून शेजारच्या बायकांशी बोलायला लागले. गिरणीत सगळे असंच बोलायचे म्हणे.

थोड्याच दिवसांत त्या बायका यंत्राच्या दोन टोकांना उभ्या राहून बोटांनी सासवांची गाऱ्हाणी सांगू लागल्या. मुकादम वैतागला. "ह्यो म्हातारा आल्यापास्नं ह्या काय बोलत्यात, मला कायबी कळंना झालंय!"

मामा मला म्हणाले, "हितं मी एकटाच बहिरा न्हाई, बाई. समदीच हायत."

इतक्या समाधानानं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पगार झाल्यावर त्यांनी हिरवी साडी घेतली, दाढी करून आले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले. मुक्कामाला राहतील असं वाटलं होतं. संध्याकाळी बघते तर केंद्राच्या पायरीवर बसलेले, पिशवी मांडीवर.

मी हातानंच विचारलं, भेटली का?

एरवी गल्लीभर ऐकू जाणारा तो माणूस इतका हळू बोलला की मला खाली वाकावं लागलं.

"न्हाई ऱ्हायली ती. गेल्या साली गेली. जावई मला लय हुडकत हुता. माधवनगरात येऊन गेला. पण माझा ठावठिकाणा कोण सांगणार?"

मग त्यांनी दवाखान्याचं नाव घेतलं. आजार वाढल्यावर तिला मिरजेला आणलं होतं. आम्हाला मामा ज्याच्या समोर भेटले, तोच दवाखाना.

"ती वर हुती, बाई. आन् मी खाली निजलो हुतो. शेवटाला 'आबा, आबा' करत हुती म्हणं."

पुढच्या सुट्टीला मीच त्यांना तिथं घेऊन गेले. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि भेटीच्या वेळेत आम्हाला बायकांच्या वॉर्डपर्यंत जाऊ दिलं. मामांनी एकेक खाट नीट बघितली. कुठल्या खाटेवर होती, ते आता कोण सांगणार? मग ते खिडकीशी गेले. खाली रस्ता, रिक्षा, तो फुटपाथ. दोन्ही हातांनी गज धरले.

"दिसत असंल हितनं," एवढंच म्हणाले.

कामावर ते जात राहिले. पण बोटं थांबली. बायका काही विचारायच्या, ते फांद्या पुढं सारत राहायचे. थंडीत खोकला धरला, औषधपाणी झालं, आणि एका पहाटे झोपेतच गेले.

रस्त्यावरच्या माणसाला मेल्यावर बेवारस म्हणतात. मामांना कुणी तसं म्हणू नये म्हणून त्यांनी त्या दिवशी लिहून आणलेल्या नंबरावर मी जावयाला फोन केला. तो पहिल्या गाडीनं आला. त्यानंच खांदा दिला, अग्नीही त्यानंच दिला. अस्थी घेऊन आम्ही हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर गेलो.

मडकं पाण्यात रिकामं करून तो म्हणाला, "हिच्याबी हितंच सोडल्या हुत्या, बाई."

राख काठालाच घुटमळत होती. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि दोन्ही हातांनी पाणी हळूहळू पुढं लोटत राहिला.