सायलेंसरच्या शेपटाला मीटर

मंडळी, आज वाळूजला गॅरेजात गेलो होतो, ट्रकला धुराचा ताप दाखवणारं मीटर बसवायला. मागच्या खेपेला मक्याचा माल घेऊन घाट चढताना पिस्टन वितळला, म्हणून ही हौस.

त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी, इंजिनाला लागून बसवतात, कारण खरी आग तिथं असते. त्यासाठी मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर काढणारा पाइप, खोलावा लागतो. मी चहा पिऊन येईपर्यंत उस्तादानं सायलेंसरच्या शेवटाला भोक पाडून काम उरकलं होतं.

"धूर तर तोच हाय ना शेठ," तो म्हणाला. "अन् काटा लालमधी जातच नाय. टेन्शन नाय."

म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाच्या चपलेत थर्मामीटर ठेवायचा, अन् घरच्यांना सांगायचं, पेशंट ठणठणीत हाय.

मी सगळं परत काढायला सांगितलं. तेवढ्यात मागं उभे असलेले दोन ट्रकवाले पुढं आले. थंड काटा बघून लई खूश.

"उस्ताद, आमच्या गाडीलाबी बसवा. याच जागी."

उस्तादानं माझ्याकडं असं पाहिलं, की अडाणी मीच.

आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांना ताप मोजायचाय, का ताप नाय एवढंच ऐकायचंय?