ते हळू जेवायचे

दोन आठवड्यांपूर्वी, चुसोकच्या सकाळी, मी आमच्या घरमालकिणीच्या घरात एका बंद दाराबाहेर उभी होते. ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही...

चुसोक हा कोरियन लोकांचा सुगीचा सण, आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच येतो. नवं धान्य, फळं आधी घरातल्या गेलेल्या माणसांना, मग बाकीच्यांना.

कॅनडात, कोक्विटलाममधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्ही तीन वर्षं राहतोय. वर या कोरियन घरमालकीणबाई, हाल्मोनी म्हणजे आजी, आणि युनिव्हर्सिटीत शिकणारी त्यांची नात जीना. त्यांच्या सोयाबीनच्या आमटीचा वास आणि आमच्या फोडणीचा वास जिन्यात कधीच एक होऊन गेलेत.

आजोबा मार्चमध्ये गेले. मुलगा सोल शहरात असतो, त्याला रजा मिळाली नाही. मग हाल्मोनींनी जीनाकडून निरोप पाठवला, तुम्ही या... घर रिकामं दिसलं तर त्यांना वाईट वाटेल.

आदल्या संध्याकाळी सोंगप्योन करायला बसलो. तांदळाची उकड, आत तिळाचं सारण, आकार अर्धचंद्राचा. माझी बोटं आपोआप कळ्या पाडायला लागली आणि मोदकच झाला. हाल्मोनींनी तो फिरवून फिरवून बघितला. जीना हसत म्हणाली, "आंटी, शी सेज, इतका नटवलात तर आजोबा खाणार नाहीत, शोकेसमध्ये ठेवतील." मग मी निमूट अर्धचंद्र वळले.

सकाळी आजोबांच्या फोटोपुढे बुटकं टेबल मांडलं. भात, अळकुड्यांचं सूप, नासपती. हाल्मोनींनी भातात चमचा उभा ठेवला, आम्ही जमिनीपर्यंत वाकलो आणि तिघी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. गेलेल्या माणसाने निवांत जेवावं म्हणून. नऊ घास होतील एवढा वेळ थांबायचं, ही त्यांच्या घरची पद्धत.

नऊ घासांना असा किती वेळ लागतो... मला बर्नाबीला ऑफिस गाठायचं होतं. मी दोनदा घड्याळ बघितलं. जीनाही हळूच म्हणाली, "हाल्मोनी, इट्स बीन टेन मिनिट्स." त्या हलल्या नाहीत. त्यांना वेळेचं भान राहिलं नसेल असं वाटून शेवटी मीच दाराच्या मुठीला हात लावला.

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मग खालच्या आवाजात बोलत राहिल्या आणि जीना मध्येमध्ये थांबत मला सांगत गेली. "ते हळू जेवायचे. दात नव्हते ना. हॉस्पिटलमध्ये ट्रे न्यायला यायचे तेव्हा अर्धं जेवण तसंच असायचं. मला इंग्लिश येत नाही, थांबा म्हणता आलं नाही. आज कोणी नेणार नाही."

मी हात काढून घेतला.

आणि मग त्या शांततेत मला बाबा आठवले. ते नागपूरला वारले तेव्हा मी इथेच होते. तेराव्याला भावाने फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यांचं पान वाढलं जात होतं, आणि मी सकाळी लवकर मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. सहा वर्षांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बऱ्याच वेळाने हाल्मोनी तीनदा खाकरल्या, आपण येतोय हे आत कळावं म्हणून. दार उघडून आधी भाताच्या वाटीत डोकावल्या. मग आम्हाला बसवून त्यातलंच वाढलं. मी ऑफिसला दीड तास उशिरा पोचले. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी बाबांची तिथी आली. दरवर्षी मी पान वाढते, हात जोडते आणि पुढच्या कामाला लागते. या वेळी आतल्या खोलीत पान मांडलं, दार लावून घेतलं आणि बाहेर कार्पेटवर बसले.

बाबा भरभर जेवायचे, आयुष्यभराच्या नोकरीची सवय. तरी मी बराच वेळ बसून राहिले...